गाद्या वाहणारा प्राध्यापक

सव हे गाव महाडकरांना सांगावे लागत नाही. इतरांसाठी एवढेच की, सावित्रीच्या काठचे, गरम पाण्याच्या कुंडांचे हे गाव महाडपासून जवळ आहे. मे महिन्यात तिथे एका परिचितांकडे गेलो होतो. जुने कौलारू घर उतरवून त्यांनी नवे स्लॅबचे घर बांधले आहे. खाली चकचकीत फरशी, भिंतींना गुळगुळीत रंग. आतली दहा बाय बारा फुटांची खोली थोरल्या मुलाने होम थिएटरसाठी ठेवून घेतली. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि भिंतभर पडदा. मुलगा खूश होता. आजोबा मात्र नाराज होते. आवाज दणदणीत येतो, पण बोललेले कळत नाही, अशी त्यांची तक्रार. ते सांगतात म्हणून मुलगा आवाज वाढवतो. वाढवला की आजोबा उठून ओटीवर जाऊन बसतात. घरात दोन विचार चालू होते. एक, आणखी महाग, सात स्पीकरचा संच घ्यावा. दोन, आजोबांना कानाचे यंत्र घ्यावे.

मी त्या खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. टाळी वाजून गेली तरी खोली वाजत राहिली.

नेमकी हीच तक्रार १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात झाली होती. फॉग कलासंग्रहालयाची नवीकोरी इमारत उभी राहिली, तिच्यातले व्याख्यानगृह दिसायला देखणे होते, आणि त्यात व्याख्यान काही केल्या कळेना. एक शब्द उच्चारला की तो सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून गेलेला असे आणि ते सगळे एकमेकांवर चढत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम पदार्थविज्ञान विभागातल्या एका तरुण अध्यापकाकडे दिले. त्याचे नाव वॉलेस क्लेमेंट सॅबाइन. वय २७ वर्षे. ध्वनिशास्त्रात त्याने तोवर विशेष काही केलेले नव्हते.

सॅबाइन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी ओहायो राज्यातल्या रिचवूड या लहान गावी झाला. अठराव्या वर्षी ते पदवीधर झाले आणि पुढे शिकायला हार्वर्डला आले. आईचा मुलांच्या शिक्षणावर मोठा कटाक्ष होता. सॅबाइन यांनी डॉक्टरेट कधीच घेतली नाही. शिकवण्यात त्यांचा जीव रमे, शोधनिबंध लिहिण्याची घाई नसे. अशा माणसाच्या हाती ही खोली आली हे खोलीचे भाग्य म्हणायचे, कारण दुसऱ्या कुणी चार पडदे लावून बिल पाठवले असते.

त्या काळी घुमणाऱ्या सभागृहावर उपाय नव्हते असे नाही. छताखाली तारा ताणत, कुठे भांडी पुरत. काही जागा साधत, काही बिघडत. बांधणाऱ्यांचा अनुभव किती सूक्ष्म असू शकतो ते आपल्याला रायगडावर दिसते. महाड तालुक्यातल्याच या गडावर नगारखान्यापाशी हळू केलेला आवाज राजसदरेच्या दुसऱ्या टोकाला, सिंहासनाच्या जागी ऐकू येतो, हे अनेक वाचकांनी स्वतः अनुभवले असेल. पण एका जागी साधले ते दुसऱ्या जागी साधेलच, हे आधी हिशेब करून सांगता येत नव्हते. सॅबाइन यांना हा हिशेब हवा होता.

त्यांची साधने साधी होती. ऑर्गनची एक नळी, तिच्यासाठी दाबाखालची हवा, वेळ नोंदणारे यंत्र आणि स्वतःचे कान. नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. या रेंगाळण्याला शास्त्रात निनाद म्हणतात. दिवसा रस्त्यावरची वर्दळ आणि विद्यार्थ्यांचा गलका, म्हणून काम मध्यरात्रीनंतर. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या मदतनिसांच्या सोबतीने उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात थोड्या थोड्या वाढवत मांडायच्या, प्रत्येक वेळी निनाद मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर नेऊन ठेवायच्या. हे महिनोन्‌महिने चालले. गाद्या वाढत गेल्या तसा निनाद साडेपाच सेकंदांवरून घटत सव्वा सेकंदाच्याही खाली आला.

(मुंबईत १९३१ मध्ये अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट केला, तेव्हा त्याचे बरेचसे चित्रीकरणही रात्रीच चाले. स्टुडिओशेजारून रेल्वे जाई आणि तिचा आवाज ध्वनिमुद्रणात येई. चांगल्या आवाजासाठी झोप मोडावी लागते, हे तेव्हापासूनचे दिसते.)

गाद्यांचे गणित हार्वर्डपुरते ठीक होते. जगाला समजेल असे माप हवे तर सर्वांकडे सारखी असणारी वस्तू हवी. सॅबाइन यांनी उघडी खिडकी निवडली. खिडकीवर पडलेला आवाज बाहेर जातो, परत येत नाही. म्हणजे उघडी खिडकी आवाज पूर्ण गिळते. मग गादी, गालिचा, लाकूड, गिलावा, माणूस, प्रत्येक जण किती आकाराच्या उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो ते त्यांनी मोजले. अमुक गादी म्हणजे इतकी खिडकी, तमुक भिंत म्हणजे तितकी.

हे मोजताना ते स्वतःवरच अडकले. आकडे मधूनच जुळेनात. कारण शोधता शोधता लक्षात आले की, मोजणारा माणूस खोलीत बसलेला असतो आणि त्याच्या अंगावरचे कपडेही आवाज गिळतात. कोणत्या रात्री कोणते कपडे होते याची नोंद नव्हती. सुमारे दोन महिन्यांची निरीक्षणे त्यांनी बाद केली. पुढे मोजमापाच्या वेळी ते ठरलेलाच पोशाख घालत आणि कोट, विजार, बूट यांचा तपशील शोधनिबंधात छापत.

हा किस्सा सवच्या घरी सांगितला तेव्हा मुलगा हसला. पण त्यातच त्याच्या खोलीचे उत्तर होते. जुन्या कौलारू घरात आवाज घुमत नसे. का, तर कौलांच्या फटींतून आणि पाखाडीखालच्या मोकळ्या जागेतून तो निघून जाई. ते सॅबाइन यांच्या भाषेत उघडी खिडकीच होते. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, वळकट्या, धान्याची पोती, दोरीवरचे कपडे हे सगळे थोडा थोडा आवाज गिळत. नव्या खोलीत यातले काहीच उरले नाही.

१८९८ च्या शरदात बॉस्टनमध्ये नवे संगीतगृह बांधायचे ठरले. त्यामागे असलेले हेन्री हिगिन्सन यांना एलियट यांनी सॅबाइन यांचे नाव सुचवले. सॅबाइन कचरले. आकडे ढीगभर होते, पण त्यांतून नियम निघत नव्हता. काही दिवस त्यांनी वह्या पुन्हा उपसल्या. २९ ऑक्टोबर १८९८ च्या संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आले की, शोषण आणि निनादाचा काळ यांचा गुणाकार एका खोलीत कायम राहतो, आलेख काढला तर तो अपास्ताचा येतो. त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा आईला सांगितली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. मग त्यांनी हिगिन्सन यांना होकार दिला.

नियम असा : खोलीचे घनमीटरमधले आकारमान घ्या, ०.१६ ने गुणा, आणि एकूण शोषणाने, म्हणजे चौरस मीटरमधल्या ‘उघड्या खिडकी’ने भागा. उत्तर येते ते निनादाचे सेकंद.

आपली खोली बसवून पाहू. दहा बाय बारा, उंची दहा फूट; आकारमान सुमारे ३४ घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून ६३ चौरस मीटर पृष्ठभाग. फरशी आणि रंगवलेला गिलावा आपल्यावर पडलेल्या आवाजातला फार तर दोन-तीन टक्के गिळतात. म्हणजे सगळी खोली मिळून दोन चौरस मीटरचीही खिडकी होत नाही. निनाद येतो अडीच सेकंदांच्या वर. आता जाड सतरंजी, कापडी सोफा, दोन भिंतींना गोधड्या किंवा कापसाच्या गाद्या आणि चार माणसे धरा. खिडकी दहा चौरस मीटरच्या आसपास जाते आणि निनाद अर्ध्या सेकंदावर येतो. स्पीकर तेच, खर्च गोधड्या टांगायच्या खिळ्यांचा.

आजोबांना शब्द का कळत नव्हते तेही यातूनच उलगडते. आपल्या बोलण्यात स्वर लांब आणि जोरकस असतात, व्यंजने आखूड आणि हलकी. घुमणाऱ्या खोलीत मागच्या स्वराचे शेपूट पुढच्या व्यंजनावर पडते. त्यात वयाबरोबर कानाची उंच पट्टीची संवेदना आधी कमी होते आणि त, स, श यांची ओळख त्याच पट्टीत असते. आवाज वाढवला की स्वरही वाढतो, शेपूटही वाढते. शब्द होता तिथेच बुडालेला राहतो. शिवाय वाढवलेला आवाज घरातल्या तरुण कानांनाही बरा नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास, ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा मानतात. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर आणावा, असे आजचे तज्ज्ञ सांगतात.

सॅबाइन यांचे सूत्र लहान खोलीत सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवे. ते मोठ्या सभागृहांतून निघाले. दहा-बारा फुटांच्या खोलीत खर्जाच्या लाटा खोलीइतक्याच लांब होतात आणि भिंतींमध्ये अडकून ठरावीक सुरांवर फुगतात. बारा फुटांच्या लांबीत हा सूर ४७ हर्ट्झच्या आसपास, दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास. उंचीही दहाच फूट असली तर तोच सूर दुप्पट जोर धरतो. गोधडी इथे फारसे काही करत नाही. म्हणून लहान खोलीला मोठा सबवूफर घेऊ नये, कोपऱ्यात ठेवू नये, आणि बैठक मागच्या भिंतीला टेकवू नये. तिथेच खर्ज सर्वाधिक साचतो. एक जुनी युक्ती आहे : सबवूफर आपल्या बैठकीच्या जागी ठेवायचा, गाणे लावायचे आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचे. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल तिथे मग सबवूफर मांडायचा. शेजाऱ्यांना काय वाटेल ते वाटो.

सात स्पीकरचे म्हणाल तर माझे मत स्पष्ट आहे. एवढ्या खोलीत मागचे दोन स्पीकर कानाला चिकटून येतात. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. पैसे घालायचेच तर त्या एका स्पीकरवर घालावेत. तो चांगला असेल तर पुढे तीन स्पीकर आणि लहान सबवूफर एवढ्यावरही लहान खोलीचे भागते.

बॉस्टनचे सिम्फनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडले. आधी ग्रीक रंगमंडलासारखा आराखडा होता, तो बाजूला पडून लांबट पेटीसारखी रचना आली आणि सॅबाइन यांनी तिचा निनाद कागदावर काढला. ध्वनीच्या गणितावर उभे राहिलेले हे जगातले पहिले संगीतगृह. सुरुवातीला काही समीक्षकांनी नावे ठेवली आणि ते सॅबाइन यांच्या मनाला लागले. आज व्हिएन्ना आणि ॲम्स्टरडॅमच्या सभागृहांसोबत त्याची गणना होते. त्याच वर्षी त्यांनी जेन केली या डॉक्टर असलेल्या स्त्रीशी विवाह केला. पुढे ते हार्वर्डमध्ये अधिष्ठाता झाले. रफाएल ग्वास्ताविनो या बांधकाम व्यावसायिकासोबत त्यांनी आवाज गिळणारी सच्छिद्र फरशी तयार केली. ती न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये बसली. घरोघरी सिनेमाचा आवाज येईल ही कल्पनाही तेव्हा नव्हती. सॅबाइन यांच्या हयातीत सिनेमा मुका होता.

पहिल्या महायुद्धात ते युरोपात गेले. आधी मदतकार्यासाठी, नंतर विमानदलाच्या तांत्रिक कामासाठी. परतल्यावर हार्वर्डमधले शिकवणे आणि वॉशिंग्टनमधले सरकारी काम अशी दोन्ही टोके त्यांनी धरून ठेवली. मूत्रपिंडाचे दुखणे होते, ते त्यांनी अंगावर काढले. घरात डॉक्टर होती, तरीही. अखेर शस्त्रक्रिया झाली, पण फार उशिरा. प्रतिजैविके तर अजून यायचीच होती. १० जानेवारी १९१९ रोजी ते गेले, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. इलिनॉय राज्यात त्यांच्यासाठी खास ध्वनी प्रयोगशाळा बांधून नुकतीच पूर्ण झाली होती. तिथे काम करायचे त्यांचे राहून गेले आणि ती त्यांच्या चुलत घराण्यातल्या पॉल सॅबाइन यांनी चालवली. त्यांचे निबंध १९२२ मध्ये एकत्र छापले गेले. फॉगचे ते व्याख्यानगृह १९७३ मध्ये पाडले गेले.

पावसाळा सुरू झाल्यावर सवला पुन्हा जाणे झाले. खोलीत माळ्यावरच्या दोन जुन्या गाद्या मागच्या भिंतीला उभ्या बांधल्या आहेत, खाली सतरंजी आहे, सोफा दोन हात पुढे आला आहे. टाळी वाजवली, ती लगेच विरली. सात स्पीकरचा विचार मागे पडला आहे. आजोबा शेवटपर्यंत बसून सिनेमा बघतात, आवाजही पूर्वीपेक्षा लहान असतो. कानाची तपासणी मात्र करून घ्या, असे मी त्यांना दोनदा सांगितले. लावणी उरकली की महाडला जाऊ, असे म्हणाले.