हार्बिनचे डॉ. वू आणि तोंडावरची पट्टी

चिंचवडकरांना प्लेगची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, रँडच्या हाताखालचे सोल्जर तपासणीसाठी घराघरांत शिरले आणि २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी त्याचा हिशेब चुकता केला. तो प्लेग गाठीचा होता. जांघेत किंवा काखेत गाठ येई, ताप चढे आणि काही दिवसांत माणूस जाई. हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे पुढच्या दहा-बारा वर्षांत सिद्ध झाले. त्यातले बरेचसे काम मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झाले होते. त्यामुळे १९१० पर्यंत डॉक्टरांच्या मनात एक समीकरण पक्के बसले होते : प्लेग म्हणजे उंदीर.

नेमक्या त्याच वर्षी चीनच्या ईशान्येला, मांचुरियात, असा प्लेग उसळला की ज्यात रोग्याच्या अंगावर गाठ नव्हती आणि घरात मेलेला उंदीरही नव्हता. त्याला ज्यांनी रोखले, ते डॉ. वू लिएन-तेह. आज आपण मास्क म्हणतो ती वस्तू साथीच्या काळात सर्वांच्या तोंडावर आणण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना जाते.

सोनाराचा मुलगा

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी मलायातल्या पेनांग येथे झाला. वडील चीनमधून येऊन तिथे स्थायिक झालेले सोनार. मुलगा हुशार निघाला. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो १८९६ मध्ये केंब्रिजला गेला. तिथे वैद्यकशास्त्र शिकणारा तो पहिला चिनी वंशाचा विद्यार्थी. पुढे लंडनचे सेंट मेरीज रुग्णालय, लिव्हरपूल, जर्मनीतले हाले आणि पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी जंतुशास्त्राचे धडे घेऊन ते १९०३ मध्ये मायदेशी परतले.

पेनांगमध्ये त्यांनी दवाखाना थाटला आणि अफूच्या व्यसनाविरुद्ध मोहीमही सुरू केली. अफूच्या धंद्यात मोठ्या लोकांचे हितसंबंध होते. थोड्याच दिवसांत दवाखान्यात अफूचा अर्क सापडल्याचे निमित्त करून त्यांच्यावर खटला झाला आणि दंड बसला. या मनःस्तापात असतानाच चीनमधून बोलावणे आले. १९०८ मध्ये ते तिएनत्सिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात उपसंचालक झाले.

गाठ नसलेला प्लेग

२४ डिसेंबर १९१० रोजी ३१ वर्षांचे वू एका सहायकाला आणि सूक्ष्मदर्शकाला घेऊन हार्बिन स्टेशनावर उतरले. थंडी शून्याखाली वीस-तीस अंश. मार्मोट या खारीच्या जातीच्या प्राण्याची फर तेव्हा महाग विकली जाई. ती मिळवण्यासाठी हजारो मजूर रानात जात आणि परतताना स्वस्त खाणावळींत एकमेकांना चिकटून झोपत. खोकला, रक्ताची थुंकी, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असा क्रम चालू होता.

तीन दिवसांनी एका खाणावळवालीचे निधन झाले. शवविच्छेदन चिनी समाजात निषिद्ध होते. वू यांनी ते गाजावाजा न करता केले. फुप्फुसांत, हृदयात, यकृतात, प्लीहेत सगळीकडे प्लेगचे जंतू दिसले. दुसरीकडे एका जपानी डॉक्टराने शेकडो उंदीर चिरून पाहिले होते. त्यांत प्लेग नव्हता. वू यांनी निष्कर्ष काढला की हा फुप्फुसाचा प्लेग आहे आणि तो माणसाच्या श्वासातून, खोकल्याच्या तुषारांतून थेट दुसऱ्या माणसाकडे जातो.

निष्कर्ष बदलला की उपायही बदलतात. उंदीर मारून आता भागणार नव्हते. वू यांनी रोग्यांना वेगळे ठेवले, त्यांच्या सहवासात आलेल्यांना रेल्वेच्या रिकाम्या डब्यांत ठेवले, शहराचे भाग पाडून ये-जा बांधून घातली आणि सर्वांच्या तोंडावर पट्टी चढवली.

पट्टी बांधण्याची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. बोलताना तोंडातून जंतू असलेले तुषार उडतात हे जर्मनीत फ्ल्युगे यांनी दाखवले होते आणि १८९७ पासून मिकुलिच यांच्यासारखे शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीचे कापड बांधू लागले होते. पण तिथे हेतू रोग्याची जखम स्वच्छ ठेवण्याचा होता. वू यांनी तीच पट्टी डॉक्टर, परिचारक, प्रेतवाहक आणि सामान्य माणूस यांच्या रक्षणासाठी वापरली. जखमेवर बांधायच्या गॉझची सुमारे तीन फुटांची पट्टी, ती दुमडून मध्ये कापसाची जाड घडी, आणि दोन्ही टोके चिरून केलेले बंद. काही बंद कानांवरून, काही कानांखालून, एक डोक्यावरून. इतके बंद कशाला, असे वाटेल. कारण साधे होते : पट्टी नाकागालांवरून सरकू नये आणि कडेने फट राहू नये. दोन पैशांची ही वस्तू कुठेही, कोणालाही बनवता येई.

मेस्नी यांचा मृत्यू

हे सगळ्यांना पटले नाही. जानेवारी १९११ मध्ये फ्रेंच डॉक्टर मेस्नी हार्बिनला आले. वयाने आणि अनुभवाने मोठे, प्लेगच्या साथी पाहिलेले. प्लेग उंदरांमुळेच होतो यावर ते ठाम होते. तरुण चिनी डॉक्टराचे म्हणणे त्यांनी झिडकारले, सर्वांसमक्ष अपमानही केला. त्यानंतर ते रशियन रुग्णालयात गेले आणि तोंड न झाकता त्यांनी प्लेगचे रोगी तपासले. काही दिवसांतच, ११ जानेवारीला, त्यांचा प्लेगने मृत्यू झाला. शहर हादरले. रस्त्यावर जो तो पट्टी बांधून दिसू लागला, कुणाची नीट बसलेली, कुणाची गळ्यात लोंबणारी.

आणखी एक अवघड काम उरले होते. जमीन गोठल्यामुळे दोन हजारांहून अधिक शवपेट्या उघड्यावर पडून होत्या. दफनाची परंपरा असलेल्या समाजात त्या जाळायच्या कशा? वू यांनी परस्पर काडी लावली नाही. स्थानिक अधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना ते दृश्य दाखवले, दरबाराकडे परवानगी मागितली आणि ती आल्यावर, चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारीला दहन केले. पुण्याच्या अनुभवाशेजारी ठेवून पाहावा असा हा तपशील आहे. १ मार्चला हार्बिनमधला शेवटचा रोगी नोंदला गेला. तोवर मांचुरियात सुमारे ६० हजार माणसे दगावली होती.

एप्रिल १९११ मध्ये मुकडेन येथे ११ देशांच्या तज्ज्ञांची प्लेग परिषद भरली. अध्यक्षस्थानी ३२ वर्षांचे वू होते. पुढे त्यांनी मांचुरियात प्लेग प्रतिबंधक सेवा उभारली आणि १९२०-२१ ची दुसरी साथ पुष्कळ कमी हानीत आटोक्यात आणली. १९३५ मध्ये नोबेलसाठी त्यांचे नामांकन झाले. १९३७ मध्ये जपानी आक्रमणानंतर ते मलायाला परतले आणि इपोह गावात साध्या डॉक्टरासारखे रोगी तपासत राहिले. २१ जानेवारी १९६० रोजी पेनांगमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन आले होते. पुढे हेच औषध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही तयार होऊ लागले.

पट्टीने किती रोखले?

वू यांच्या पट्टीची परीक्षा त्यांच्या हयातीतच झाली. मांचुरियात आलेल्या अमेरिकन डॉक्टरांनी निरुपद्रवी जंतूंचा फवारा मारून पाहिला. संरक्षण मिळते, पण पूर्ण नाही, असे दिसले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर कॅलिफोर्नियात झालेल्या प्रयोगांतून खरी मेख कळली. कापडाचे थर वाढवले की त्यातून श्वास घेणे जड जाते, मग हवा कडेच्या फटीतून आत शिरते. म्हणजे मास्कचे यश दोन गोष्टींवर ठरते : कापड काय गाळते आणि मास्क चेहऱ्यावर कसा बसतो.

प्लेगचा जंतू हा जिवाणू, तर फ्लू आणि कोविडचे विषाणू त्याहून कितीतरी सूक्ष्म. पण विषाणू सुटे उडत नाहीत, ते तुषारांतून आणि सूक्ष्म थेंबांतून येतात. म्हणून हिशेब तोच लागू पडतो. साधा कापडी मास्क मोठे तुषार अडवतो, सूक्ष्म थेंब फारसे नाही. सर्जिकल मास्कचे कापड चांगले गाळते, पण तो कडेला सैल असतो. एन-९५ मध्ये विद्युतभारित तंतू असतात. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण तो अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच. दाढीवर तो नीट बसत नाही.

बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० गावांतल्या सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर अभ्यास झाला. मास्क वाटून, समजावून सांगून नीट वापरणाऱ्यांचे प्रमाण १३ वरून ४२ टक्क्यांवर गेले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह कोविड सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाला, साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कच्या गावांत स्पष्ट फरक दिसला नाही. निम्म्याहून अधिक लोक मास्क लावत नसतानाचा हा फायदा आहे, हे ध्यानात घ्यायला हवे.

१९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली तेव्हा आणि ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा लोकांनी हाती लागेल तो रुमाल बांधला. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण पुरेसे नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत धुळीसाठी मिळणाऱ्या मास्कला पुष्कळदा पुढे झडप असते. त्यातून बाहेर पडणारी हवा गाळली जात नाही. घालणारा वाचतो, शेजारचा नाही. सर्दी-खोकला असताना कंपनीच्या बसमध्ये बसायचे असेल तर झडप नसलेला मास्क हवा, नाकावरची पट्टी दाबून, हनुवटीखालपर्यंत ओढलेला. घरात कोणी आजारी असेल तर शक्य असल्यास रोग्याने आणि सेवा करणाऱ्याने, दोघांनीही तो लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रोग्याचे अंथरूण वेगळे करावे. वू यांनीही एकट्या पट्टीवर कधी भिस्त ठेवली नव्हती.