महाराणी ताराबाई

महाराणी ताराबाई भोसले (१६७५–१७६१) या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या व छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी होत. मोहिते घराणे कराडजवळच्या तळबीडचे. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर त्यांनी अल्पवयीन पुत्र दुसरा शिवाजी यास गादीवर बसवून राज्यकारभार हाती घेतला आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत मोगलांशी झुंज चालू ठेवली. हा पराक्रम सर्वपरिचित आहे. त्यांच्या उत्तरायुष्यातील सातारा प्रकरण मात्र त्यामानाने उपेक्षित राहिले.

मोगली कैदेतून सुटलेल्या शाहू महाराजांनी १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंच्या सैन्याचा पराभव केला. ताराबाईंनी कोल्हापूरची गादी स्थापली. परंतु १७१४ मध्ये सवत राजसबाई यांनी आपला पुत्र संभाजी यास गादीवर आणून मायलेकांना कैदेत टाकले. १७३१ च्या तहाने वारणा नदी (आज सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा) दोन्ही राज्यांची हद्द ठरली आणि ताराबाई साताऱ्यास नजरकैदेत राहू लागल्या.

शाहू महाराजांना पुत्र नव्हता. गुप्तपणे वाढवलेला आपला नातू म्हणून ताराबाईंनी रामराजास पुढे आणले व शाहूंच्या मृत्यूनंतर तो छत्रपती झाला. तो पेशवा नानासाहेबांविरुद्ध जाईना, तेव्हा नोव्हेंबर १७५० मध्ये चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावून ताराबाईंनी कैद केले. त्यांचे वय तेव्हा पंचाहत्तर होते! त्यांच्या मदतीस गुजरातेतून आलेल्या दमाजी गायकवाडांनी निंब येथे पेशव्यांच्या फौजेस हरवले. पण पुढे वेण्णाकाठी त्यांना माघार घ्यावी लागली. निजामाच्या मुलखातून नानासाहेब तेरा दिवसांत साताऱ्यास धावून आले आणि दमाजी कैद झाले. किल्ल्यावरील शिबंदीतही फितुरी झाली. रामराजास सोडवू पाहणाऱ्या आनंदराव जाधवाचा ताराबाईंनी शिरच्छेद करविला.

सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर समेटाच्या शपथा झाल्या. तेथेच, रामराजा आपला नातू नव्हे, असे ताराबाईंनी शपथेवर सांगितले. किल्ला व कैदी त्यांच्याकडेच राहिले. मात्र या शपथेने छत्रपतींच्या अधिकाराचा पायाच ढासळला. ज्या पेशव्यास रोखण्यासाठी हा खटाटोप केला, त्यालाच मोकळे रान मिळाले. राज्याची सूत्रे पुण्याकडे गेली ती कायमचीच.

पानिपतचा पराभव आणि नानासाहेबांचा मृत्यू पाहून डिसेंबर १७६१ मध्ये ताराबाई साताऱ्यास निवर्तल्या. रामराजा १७७७ पर्यंत नामधारी छत्रपती राहिला.