इरावती कर्वे : मोजमापाकडून अर्थाकडे

मागील घटकात प्रतीक आणि रूपक यांचा विचार आपण भाषेच्या अंगाने केला. धर्मातील प्रतीकांमधून एखाद्या समूहाची जगाकडे पाहण्याची दृष्टी कशी घडते, हा मानवशास्त्राचा प्रश्न आहे. इरावती कर्वे यांच्यापुढे तो पंढरीच्या वाटेवर उभा राहिला.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. (संस्कृतात हेच नाव पंजाबातील रावीलाही आहे.) शिक्षणासाठी त्या पुण्यात आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम. ए. झाल्यावर त्या बर्लिनला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता वंशानुसार बदलते, असे तेथील मार्गदर्शक युजेन फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंच्या मोजमापांतून ते सिद्ध झाले नाही आणि त्यांनी प्रबंधात तसेच नोंदवले. हे धैर्य सामान्य नव्हे.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. शरीरमापन, जातिरचना आणि आप्तसंबंध हे त्यांचे अभ्यासविषय. आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी विद्यार्थ्याने मात्र त्याआधीच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहाकडे, विशेषतः त्यातील ‘वाटचाल’ या लेखाकडे वळावे.

ज्ञानेश्वरांनी आळंदीला १२९६ मध्ये समाधी घेतली. तरी दरवर्षी त्यांच्या पादुका पालखीतून पंढरपुरास जातात. वारकऱ्यांच्या लेखी स्वतः ज्ञानोबाच चालत असतात. वारीची भाषाही पाहण्याजोगी आहे. विठ्ठल माउली, ज्ञानेश्वर माउली आणि शेजारून चालणारा अनोळखी माणूसही माउलीच. नात्यातला एक शब्द देव, संत आणि परका यांना एका घरात आणतो.

इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या, तेव्हा या घरातली भिंत त्यांना दिसली. भजन एकत्र, चाल एकत्र. स्वयंपाक आणि पंगत मात्र ब्राह्मणांची वेगळी, मराठ्यांची वेगळी. सर्वजण स्नान करूनच जेवत असताना हा दुरावा कशासाठी, हे त्यांना रोज सलत राहिले. मराठा बायकांबरोबर त्या जेवल्या, तेव्हा त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून संसारातील सुखदुःखे सांगू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्याला भेटायला येण्याच्या गोष्टीही निघाल्या. तेव्हा त्यांच्यातील एका तरुण मुलीने विचारले, की पुण्यातही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? तो प्रश्न इरावतीबाईंच्या जिव्हारी लागला.

ज्या भूमीतील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना वारीत उमगलेली व्याख्या पुढे वारंवार सांगितली गेली. वेगळ्या पंगतींचा भाग सांगणाऱ्यांकडून बहुधा गळतो. माझ्या मते लेखाचे बळ या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवण्यात आहे.

‘युगान्त’ या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले. ‘वाटचाल’चे इंग्रजी रूप १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञाने १९७४ च्या आपल्या ग्रंथात तीर्थयात्रांची चर्चा करताना त्याचा आधार घेतला. यात्रेत निर्माण होणारा बंधुभाव आणि तेथेही न पुसली जाणारी जात, या दोहोंची नोंद त्याला तेथे मिळाली.

मूळ लेख वाचताना त्यातील जेवणाचे प्रसंग आणि संबोधने यांची स्वतंत्र टिपणे काढावीत.