देवासचे तुकोजीराव

बी. ए.ला असताना ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही फॉर्स्टरची कादंबरी आम्हांला होती. तिचा शेवटचा, देवळाचा भाग मला तेव्हा उगाच जोडलेला वाटे. परीक्षेत मी तसे लिहिलेही. त्या भागात तुकारामाच्या नावाचा गजर आहे आणि गोडबोले नावाचे गृहस्थ भजनात रंगलेले आहेत, हे वाचूनही हा इंग्रज लेखक आपल्याच घरातला उत्सव सांगतो आहे, हे माझ्या ध्यानी आले नाही. ते कळले पुढे देवासच्या तुकोजीराव पवारांचे चरित्र वाचताना.

माळव्यात धार आणि देवास ही मराठ्यांच्या पवार घराण्याची संस्थाने. देवासची गंमत अशी की, एकाच गावात दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांचे वाडे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. वर टेकडीवर देवी मात्र दोघांची. तुकोजीरावांचा जन्म १८८८ चा. अकराव्या वर्षी, १८९९ मध्ये ते थोरल्या पातीच्या गादीवर आले. मुलूख सुमारे साडेचारशे चौरस मैल. इंदूर व अजमेर येथे शिक्षण झाल्यावर माल्कम डार्लिंग हा तरुण इंग्रज अधिकारी त्यांना शिक्षक म्हणून लाभला आणि जन्माचा मित्र झाला. डार्लिंगमुळेच फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात प्रथम देवासला आला.

१९२१ मध्ये तो पुन्हा आला, महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून, सुमारे सहा महिने. नवा राजवाडा अर्धवट पडलेला, उन्हाने तडकलेले पियानो, हिशेबाचा मेळ नाही. पण श्रावणात गोकुळाष्टमी आली आणि हाच राजा अनवाणी, भान हरपून देवापुढे गाऊ-नाचू लागला. फॉर्स्टरही त्या गर्दीत अनवाणी वावरला. कादंबरी तेव्हा अडून बसली होती. ती विलायतेत पुरी होऊन १९२४ साली निघाली, तेव्हा तिच्या अखेरीस हा उत्सव होता.

राजाची कहाणी मात्र अशी गोड संपत नाही. १९०८ साली त्यांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाला. संसार टिकला नाही. अक्कासाहेब माहेरी परतल्या. १९२७ च्या अखेरीस युवराज विक्रमसिंहही वडिलांना सोडून निघून गेले. कर्ज वाढत गेले, ब्रिटिश सरकारचा चौकशीचा तगादा लागला. १९३३ मध्ये महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले ते परतलेच नाहीत. डिसेंबर १९३७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

सरकारी दप्तरात उरला तो कर्जबाजारी संस्थानिक. फॉर्स्टरने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढून आपली जुनी पत्रे छापली आणि मित्राच्या ठिकाणी त्याला जे संतपण दिसले होते ते जगापुढे ठेवले. मला दोन्ही खरे वाटते. भजनात हरपणाऱ्या राजाच्या रयतेला हिशेब ठेवणारा राजाही हवा असतो. शिवाय फॉर्स्टर मित्राच्या बाजूने लिहितो. माहेरी परतलेल्या अक्कासाहेबांच्या मनाचा ठाव त्याच्या पानांतून लागत नाही. आपण कोल्हापूरच्या शेजारची माणसे. निदान आपण तरी ती बाजू विसरू नये.

काळाने एक हिशेब मात्र पुरा केला. घर सोडून गेलेले विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. पुढच्याच वर्षी आपल्या बेळगाव भागातले कुमार गंधर्व आजारी अवस्थेत देवासला गेले आणि बरे होऊन त्याच टेकडीच्या सावलीत गात राहिले.

माझ्या त्या उत्तरपत्रिकेतले वाक्य आज मी खोडून टाकीन. देवळाचा भाग उगाच जोडलेला नाही. राज्य हातचे गेलेल्या एका मराठी राजाचे जे काही टिकले, ते तिथेच टिकले आहे.