अंड्यातील पाणलोट

हुशारी रक्तातच असावी लागते, असा निकाल शिक्षक-कक्षात चहाच्या पेल्याबरोबर सहज दिला जातो. तो कानी पडला की मला कॉनरॅड वॉडिंग्टन यांचे स्मरण होते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने गर्भशास्त्रज्ञाचे चरित्र सांगावे हा आगाऊपणा खरा. पण वॉडिंग्टन यांनी तरी पदवी भूगर्भशास्त्रातच मिळविली होती.

त्यांचा जन्म 1905 सालचा, इंग्लंडमधला. वडील दक्षिण हिंदुस्थानात चहाचे मळेवाले. त्यामुळे बालपणाची पहिली वर्षे तेथे गेली. पुढे मुलाला नातेवाइकांकडे इंग्लंडला पाठविण्यात आले. केंब्रिजमध्ये ते जीवाश्मांकडून जिवंत गर्भाकडे वळले.

कोंबडीचे अंडे 21 दिवस उबवावे लागते. पहिल्याच दिवशी बलकावरील चकतीत एक पुसट रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागते. वॉडिंग्टन यांनी ही चकती उचलून काचेच्या वाटीत, गोठविलेल्या रक्तद्रवावर वाढविली. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी त्या रेघेचा तुकडा दुसऱ्या गर्भाखाली ठेवून पाहिला. जेथे एरवी त्वचा व्हायची, तेथे मज्जासंस्था आकार घेऊ लागली. पेशी त्याच, शेजार बदलला आणि भवितव्य बदलले. मात्र वेळ टळली, तर तोच शेजार निष्फळ ठरे.

हा आदेश देणारे रसायन कोणते, याचा शोध त्यांनी नीडहॅम यांच्यासह घेतला. हाती आले ते विचित्रच. न्यूट या उभयचराच्या गर्भात मृत ऊतीही तेच काम करी, एक साधा निळा रंगही करी. तेव्हा आदेशाइतकीच ऐकणाऱ्या पेशीची तयारी महत्त्वाची, आणि ती तयारी जनुकांकडून येते, हे त्यांनी ओळखले. जनुके आणि देहाची घडण यांमधील व्यवहाराच्या अभ्यासाला त्यांनी 1942 मध्ये ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिले. 1947 पासून ते एडिंबरोला प्राध्यापक होते.

पेशीचा प्रवास ते उतरत्या दऱ्यांच्या चित्राने समजावीत. खानदेशी वाचकाने अजिंठ्याचा डोंगरमाथा आठवावा. तेथे हातभर अंतराने पडलेल्या दोन थेंबांपैकी एक वाघूरने तापीला व अरबी समुद्राला मिळतो, दुसरा गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला. माथ्यावर वाऱ्याची झुळूक पुरते. दरीत उतरल्यावर डोंगर फोडावा लागेल. वॉडिंग्टन यांच्या चित्रात या दऱ्यांना आकार येतो तो अनेक जनुकांच्या एकत्र ओढीने, एकट्यादुकट्याच्या नव्हे. कोंबडीच्या गर्भावरून वर्गातल्या मुलांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे, हे मान्य. परंतु रक्ताचा दाखला देणाऱ्यांनी निदान रक्ताचे शास्त्र तरी पाहावे.

एडिंबरोला त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावरील संशोधन 1958 मध्ये प्रसिद्ध केले आणि ती विद्या पुणे विद्यापीठात आणून रुजविली. वॉडिंग्टन 1975 मध्ये निवर्तले. त्यानंतर 18 वर्षांनी, 1993 मध्ये, कोंबडीच्या पंखाच्या अंकुरात ‘सोनिक हेजहॉग’ हे जनुक केवळ मागल्या कडेला जागे असल्याचे दिसून आले. पुढल्या कडेच्या पेशींतही ते असतेच, फक्त निद्रिस्त. संशोधकांनी तेथेही ते जागे केले, तेव्हा पंखाला आरशातल्या प्रतिमेसारखी उलट्या क्रमाची जादा बोटे फुटली.