आधी पूर्वरंग : रेव्हरंड नारायण वामन टिळक



अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार हे गाव आता साऱ्या देशाला परिचित आहे. मागे एकदा धर्मग्रामातील काही कुटुंबांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. पाऊस तेथे पूर्वीही पडत असे. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर. पण उघड्याबोडक्या डोंगरांवरून तो पाहता पाहता वाहून जाई आणि जाताना माती घेऊन जाई. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाला उतरती कळा लागली, दारू शिरली, माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढील वर्षांत गावाने श्रमदान करून डोंगरउतारांवर समतल चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य केली. पाऊस तेवढाच राहिला, पण तो मुरू लागला.

परतीच्या गाडीत तरुणांनी मोबाइलवर एका कन्व्हेन्शनची गाणी लावली आणि वादाला तोंड फुटले. आमच्याबरोबर असलेल्या एका वयोवृद्ध धर्मशिक्षकांनी नाराजी दर्शवली. हल्ली प्रार्थनासभेत ढोलताशा, दिवे आणि टाळ्या पुष्कळ असतात, पण घरी परतताना बायबलमधील एकही वचन सोबत येत नाही, अशी त्यांची व्यथा होती. त्यावर एका तरुणाने प्रतिप्रश्न केला, की याच नगरच्या भूमीत टिळकांनी टाळ-मृदंग लावून कीर्तने केली नव्हती काय? त्यांना कोणी करमणूक म्हटले नाही, मग आम्हालाच का? गाडीत दोन तट पडले. आम्ही गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: त्याच वर्षीच्या सणासाठी ऑर्केस्ट्राचा मोठा खर्च आम्हीच मंजूर केला होता, आणि बायबलवर्गासाठी खुर्च्या घेण्याची मागणी मात्र पुढे ढकलली होती.

तेव्हापासून टिळकांचे चरित्र या दृष्टीने एकदा सांगावे असे मनात होते. ते आपल्या कॅथोलिक मंडळीतील नव्हते. तथापि त्यांची पदे आपल्याही वेदीजवळ गायली जातात, आणि पुष्कळांना ती कोणाची हे माहीत नसते.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील करारी आणि कठोर. कवितेची गोडी लागली ती आईकडून. आई लवकर गेली आणि मुलाचे घर सुटले. तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्याच्याशी विवाहबद्ध होऊन लक्ष्मी झाली. याच लक्ष्मीबाई टिळक पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनामुळे मराठी साहित्यात अमर झाल्या. टिळकांचा स्वभाव फिरस्ता होता. नोकरी धरावी आणि सोडावी, पैसा हाती आला की दुसऱ्याला देऊन टाकावा, घरी न सांगता निघून जावे, असा त्यांचा क्रम. लक्ष्मीबाईंनी त्याचे वर्णन ज्या मिश्किल ममतेने केले आहे, ते वाचताना हसू येते आणि त्या माउलीने काय सोसले असेल या विचाराने मन गंभीरही होते.

आता त्या प्रसंगाकडे येऊ या, ज्यापाशी आम्हाला थोडे थांबायचे आहे. १८९३ मध्ये टिळक राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. काव्यावर गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. हे पुस्तक वाचलेत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. पुस्तक टिळकांना प्रथम फारसे आवडले नाही. वचन दिले म्हणून ते वाचू लागले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथे खिळून राहिले. हिंदू तत्त्वज्ञान वाचताना मनात साचलेल्या कित्येक प्रश्नांची उत्तरे त्यांना त्या तीन अध्यायांत दिसू लागली.

बंधुभगिनींनो, येथे काय घडले ते पाहावे. डब्यात वाद्य नव्हते, गायन नव्हते, साक्ष देणारा वक्ता नव्हता. पुढे ज्याने मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठी शंभराहून अधिक गीते दिली, त्याला स्वतःला प्रभू भेटला तो मुकाट्याने पुस्तक वाचताना. शिवाय तो एका रात्रीत भेटला नाही. पुढची सुमारे दोन वर्षे टिळक वाचत होते, शंका काढत होते, ख्रिस्ती नियतकालिकातून टोपणनावाने लिहीत होते, मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे जे. ई. अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार करीत होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, तर रेव्हरंड तुकारामजी नथोजी या देशी पाळकांच्या हातून. त्याची किंमतही मोजावी लागली. जातीने टाकले, आणि लक्ष्मीबाई आपल्या लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे-ओवळे सांभाळूनच राहत होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, आणि तोही कोणाच्या आग्रहाने नव्हे.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम या शहरात १८३१ पासून चालू होते. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवू लागले. जिल्ह्यात राहुरीलाही त्यांचे वास्तव्य झाले. बालकवी ठोंबरे यांना त्यांनी नगरच्या घरी मुलासारखे ठेवून घेतले, ही गोष्ट साहित्यप्रेमींना ठाऊक आहेच.

त्या काळच्या उपासनेची कल्पना करावी. इंग्रजी गीतांची शब्दशः भाषांतरे इंग्रजी चालींवर गायली जात. खेड्यातून आलेला शेतकरी ती ओढूनताणून गाई. ना त्याला अर्थ कळे, ना चाल जिभेवर बसे. टिळकांना हे सहन झाले नाही. ज्ञानेश्वर-तुकारामांची भाषा ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना ख्रिस्त परक्या सुरात का भेटावा, हा त्यांचा सवाल होता. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो, असे ते उघडपणे सांगत. त्यांनी अभंग रचले, पदे रचली, भजने रचली आणि कीर्तनही केले. ख्रिस्ती कीर्तन हे काही त्यांनी शोधून काढले नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कृ. र. सांगळे आदींनी तो प्रयोग पूर्वीच केला होता. टिळकांनी त्यात अस्सल कवीची वाणी आणली. अनेक श्रद्धावंतांना त्यात जुन्या धर्माचा वास येई. टाळ-मृदंग देवळाबाहेरच बरे, असे त्यांना वाटे. म्हणजे आमच्या गाडीतील वाद शंभर वर्षांपूर्वीही चालूच होता.

मग त्या तरुणाचे म्हणणे खरे ठरले काय? अर्धे खरे ठरले. उरलेले अर्धे समजण्यासाठी कीर्तन म्हणजे काय हे आठवावे लागेल. आमच्या पिढीने गावोगावी कीर्तने ऐकली. आजच्या मुलांना सांगावे लागते. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पहिला पूर्वरंग. त्यात बुवा एक मूळ पद घेतात आणि त्याचे निरूपण करतात. शब्द सोडवतात, शास्त्राचे दाखले देतात, शंका काढून तिचे निरसन करतात. मग मध्यंतराचा नामघोष, बुवांना हार. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान: कथा, विनोद, गाणे, प्रसंगी डोळ्यांतून पाणी. पण आख्यान घ्यायचे ते पूर्वरंगातील सिद्धांत मनात ठसावा म्हणून. जो बुवा पूर्वरंग गुंडाळून थेट आख्यानाला हात घालतो, त्याला जाणते श्रोते नावे ठेवतात. ख्रिस्ती कीर्तनात मूळ पदाच्या जागी पवित्र शास्त्रातील वचन आले, एवढाच फरक. टिळकांकडे उत्तररंगाचे सारे सामर्थ्य होते. तरीही त्यांचा पूर्वरंग भक्कम होता, कारण त्यामागे संस्कृत ग्रंथांचे अध्ययन होते, विद्यालयातील अध्यापन होते आणि त्या दोन वर्षांचे एकाग्र वाचन होते.

आपल्या कन्व्हेन्शनमध्ये काय होते? पुष्कळदा नुसता उत्तररंग. आम्ही संगीताच्या विरोधात नाही. अशा सभेतून दारू सोडून घरी परतलेले बाप आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या बायकांचे आनंदाश्रूही. पण त्यांतील काहींना वर्षभरात पुन्हा त्याच गुत्त्यावर पाहिले, हेही लपवण्यात अर्थ नाही. त्या पहिल्या आठवड्यानंतर त्यांना शास्त्र उघडून बसवणारे कोणी नव्हते. दोष गाणाऱ्यांचा कमी आणि आम्हा धर्मगुरूंचा अधिक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रवचनाला उपासनेचाच भाग मानले आणि १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्राचे नित्य वाचन करावे असे आग्रहाने सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात प्रवचनाच्या तयारीवर पानेच्या पाने खर्च केली. प्रवचन ऐकताना लोकांना आणि करताना धर्मगुरूंना सोसावे लागते, अशी कोपरखळीही मारली. शनिवारी रात्री उशिरा उद्याचे प्रवचन शोधणाऱ्यांत आमचाही नंबर लागतो. मिस्साबलिदानात दहा मिनिटे कोरडी गेली की लोक पाण्यासाठी दुसरीकडे जातात, याचे नवल ते काय! या संकेतस्थळाचेही तेच. सणाच्या बातमीत रोषणाईची छायाचित्रे आठ आणि प्रवचनाला एक ओळ. ती ओळही बहुधा प्रवचनकाराच्या नावाने संपते.

आपल्या कॅथोलिक परंपरेत याचे उत्तर टिळकांच्याही आधी, १६१६ मध्ये देण्यात आले होते. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यातील नवख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या लोकांना त्यांनी ओवीच दिली, पण ओव्या दिल्या जवळजवळ अकरा हजार, आणि त्यांत जगाच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत सारे बायबल आणले. ऐकायला गोड आणि शिकायला परिपूर्ण. त्यासाठी गोव्यात आल्यावर त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ येथील भाषांत घालवला होता, हे विसरता येत नाही.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांविषयी थोडक्यात सांगतो. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्याला गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ त्यांनी स्थापन केला. मंडळी आणि बाप्तिस्मा यांविषयीच्या आपल्या शिकवणीशी तो विचार पूर्णपणे जुळणारा नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या मित्रांतही त्यावर मतभेद झाले. तो दरबार रुजण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे राहिले ते ‘ख्रिस्तायन’. प्रभूचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करण्याचा टिळकांचा संकल्प होता. सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच हातून झाले. पुढचे काम लक्ष्मीबाईंनी उचलले. ज्यांचे शाळेतले शिक्षण नव्हते, ज्यांनी एकेकाळी पतीच्या नव्या धर्माच्या नावाने आकांत केला होता, त्या बाईंनी उतारवयात शुभवर्तमाने पुढ्यात घेऊन एक-एक प्रसंग ओवीत बसवला, आणि असे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये छापून आला.