कॉर्नेलिया सोराबजी : पडद्याआडच्या अशिलांच्या वकील

भारतातील पहिल्या महिला वकील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली ती १८९२ मध्ये. वकिलीची सनद मात्र त्यांच्या हाती पडली १९२१ मध्ये. मधल्या एकोणतीस वर्षांत त्यांनी कायद्याखेरीज दुसरे काही केले नाही. न्यायालयात उभे राहण्याचा हक्क तेवढा त्यांना नव्हता.

१५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे त्यांचा जन्म झाला. वडील सोराबजी खरशेदजी हे पारशी कुळातील; ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते धर्मोपदेशक झाले होते. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा उभारली. बेळगाव व पुणे येथे कॉर्नेलिया वाढल्या आणि डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. गुणानुक्रमाने इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे यावयास हवी होती. ती केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केल्यानंतर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासह काही इंग्रज हितचिंतकांनी जमविलेल्या निधीवर त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या.

तेथेही वाट सरळ नव्हती. दिवाणी कायद्याच्या पदवी परीक्षेस पुरुषांसमवेत बसण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा झाली, पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये आरंभ केला आणि सोराबजी यांनी आपली पदवी १९२२ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वीकारली.

मायदेशी परतल्यावर काठेवाड व इंदूर येथील ब्रिटिश एजंटांपुढे बाजू मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली. ब्रिटिश न्यायालयात प्रवेश झाला तो एका शब्दाच्या आधारे. फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालयाच्या अनुमतीने अन्य कोणतीही व्यक्ती आरोपीची बाजू मांडू शकत असे. या तरतुदीचा लाभ घेऊन १८९६ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचा बचाव केला. त्यानंतर मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाली, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही झाली. सनद काही मिळाली नाही.

त्यांच्या आयुष्यातील खरे मोठे काम मात्र सनदेवाचूनच झाले. पूर्व भारतातील जमीनदार घराण्यांत परपुरुषाचे दर्शनही वर्ज्य असलेल्या पडदानशीन स्त्रिया होत्या. अनेकींच्या नावे, विशेषतः विधवांच्या, मोठ्या जमिनी असत. अशा स्त्रियांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून कायद्याने सूट दिली होती. दस्तऐवजातील मजकूर त्यांना खरोखर समजला होता काय, हे तपासण्याचा दंडकही न्यायालयांनी घालून दिला होता. परंतु ज्या वकिलाने तो समजावून द्यावयाचा तो पुरुष, आणि पुरुषाला आत प्रवेश नाही. कागद पडद्याखालून आत जात, अंगठा उमटून बाहेर येत. मध्ये उभा असलेला कारभारी अथवा दीर काय सांगेल, तेच त्या बाईंच्या लेखी सत्य. संरक्षणासाठी केलेली सूटच अशी त्यांच्या मुळावर येत असे.

सरकारने सल्लागार म्हणून एखाद्या स्त्रीची नेमणूक करावी, यासाठी सोराबजी यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे सतत पाठपुरावा केला. अखेर १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या व असहाय स्त्रियांच्या इस्टेटींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा आणि आसामचाही भार आला. गाडी, पालखी, नाव, जे मिळेल त्या वाहनाने त्या दूरदूरच्या हवेल्यांत पोहोचत आणि थेट अंतःपुरात बसून हिशेब, दत्तकविधान, पोटगी, बालवारसाचे शिक्षण असे विषय मार्गी लावीत. १९२२ पर्यंतच्या या सेवेत सुमारे सहाशे स्त्रिया व मुलांना त्यांचे साहाय्य झाले. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक देण्यात आले.

दरम्यान १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळताना कलकत्ता उच्च न्यायालयाने, वकिलीच्या कायद्यातील व्यक्ती म्हणजे पुरुषच, असा अर्थ लावला. ज्या शब्दाने पुण्यात दार उघडले होते, त्याच शब्दाने कलकत्त्यात ते बंद केले. पाटणा उच्च न्यायालयानेही सुधांशूबाला हाजरा यांना नकार दिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र २४ ऑगस्ट १९२१ रोजी सोराबजी यांची वकील म्हणून नोंद केली आणि १९२३ च्या कायद्याने ही आडकाठी देशभरातून दूर झाली. त्याच वर्षी बॅरिस्टर झालेल्या, जेमतेम पंचविशीतल्या मिठन टाटा मुंबईत वकिलीस लागल्या. सोराबजी यांनी १९२४ मध्ये कलकत्त्यात काम सुरू केले तेव्हा त्या अठ्ठावन्नाव्या वर्षात होत्या. तेथे त्यांच्या वाट्याला आले ते मुख्यतः लेखी कायदेशीर अभिप्राय देण्याचे काम. प्रत्यक्ष युक्तिवादाच्या संधी क्वचितच आल्या. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या.

स्वदेशात त्यांचे नाव मागे पडले, याला त्यांची राजकीय मतेही कारणीभूत होती. ब्रिटिश सत्तेवर त्यांची निष्ठा होती, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो यांच्या मदर इंडिया या पुस्तकाने देशभर संताप उसळला असता त्यांनी लेखिकेची बाजू घेतली. हवेल्यांतील दुःख त्यांनी जवळून पाहिले होते, हे खरे. पण त्याच दुःखावर बोट ठेवून अवघ्या देशाला स्वराज्यास अपात्र ठरविणाऱ्या पुस्तकाची पाठराखण करणे, ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. तिची किंमतही त्यांनी मोजली. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्या स्त्रियांमधील त्यांच्या समाजकार्याचा आधार त्यानंतर तुटत गेला.

इंडिया कॉलिंग हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. महायुद्धातील बॉम्बवर्षावातही त्या लंडनमध्येच राहिल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांच्या दैनंदिन्या व पत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत.